हाकललेली वाळवी कुठे जाते?

गरिबाच्या घरात चोर शिरला तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. वाळवी शिरली तर मात्र तिला सगळेच लागते. दाराची चौकट, कपाटाची फळी, पोरांची पुस्तके, तसबिरीच्या मागचा पुठ्ठा आणि पेटीच्या तळाशी जपून ठेवलेले कागद. चोर एका रात्रीत येऊन जातो. वाळवी महिनोन्‌महिने आपल्याच घरात राहते, आपण ज्या भिंतीला टेकून बसतो त्याच भिंतीतून फिरते आणि फळी बोटाने दाबल्यावर आत जाईपर्यंत आपल्याला तिचा पत्ता लागत नाही.

आपल्या घरांत कागदाची किंमत काय असते हे मी वेगळे सांगायला नको. पोरीला नर्सिंगला घालायचे तर जातीच्या दाखल्याची पडताळणी लागते. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. त्या काळात आपल्यापैकी कितीजणांच्या नावावर जमीन होती? कितीजणांच्या घरात खरेदीखते होती? आजा चार इयत्ता शिकला असेल तर त्याचा शाळेचा दाखला, एवढाच काय तो पुरावा. एका पिवळ्या पडलेल्या कागदावर तिसऱ्या पिढीचे शिक्षण उभे असते. म्हणून वाळवी हा विषय मला कुटुंबाच्या पानावर मांडावासा वाटला.

हल्ली जो तो वाळवीवर नैसर्गिक उपाय सांगतो. कोणी म्हणते लवंगेचे तेल लावा, कोणी म्हणते निलगिरी शिंपडा, कोणी कापूर ठेवायला सांगते. दुकानात अशा तेलांच्या लहान लहान बाटल्या मिळतात. औषध नको, विषारी वास नको, झाडाचे तेल लावा आणि निर्धास्त झोपा, असे ऐकायला बरे वाटते. पण हे खरे किती? मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून एकवीस वर्षे काम केलेली बाई. शास्त्र शिकलेली नाही. परंतु ऐकलेले तपासून घ्यावे, पटले तरच धरावे, एवढे तर आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे. माझा भाचा शेतकी कॉलेजात शिकतो. त्याला मी प्रश्न विचारून विचारून दमवले आणि घरी थोडे करूनही पाहिले. त्यातून जे हाती आले ते सांगते.

आधी वाळवी म्हणजे काय ते पाहू. आपण तिला पांढरी मुंगी म्हणतो. पण ती मुंगी नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. आपल्याला दिसतात त्या कामकरी वाळव्या. त्या आंधळ्या असतात आणि त्यांचे अंग इतके मऊ असते की उघड्या हवेत, उन्हात त्या सुकून मरतात. म्हणून तर त्या भिंतीवर मातीची नळी बांधतात आणि त्या नळीच्या आतून ये-जा करतात. डोळे नाहीत, मग वाट कशी सापडते? वासाने. एक वाळवी पुढे जाताना वास सोडत जाते, मागच्या तो वास धरून येतात. खाणे कुठे आहे, धोका कुठे आहे, आपली कोण, परकी कोण, हे सगळे त्यांना वासानेच कळते. एवढे लक्षात आले की तेलाचा उपाय अगदीच खोटा नाही हे ध्यानात येईल. जिचा सगळा कारभार वासावर चालतो तिला उग्र वासाने अडवता येते.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. पाऊस कमी, जमीन हलकी, आणि जिकडे तिकडे वारुळे. वारूळ हे वाळवीचेच घर. आत ती बुरशीची बाग लावते, त्यावर तिचा संसार चालतो. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात त्या या बुरशीच्याच. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख झडलेल्या किड्यांचा खच पडतो, ती नवी घरे वसवायला निघालेली वाळवी असते. पण आमच्या लहानपणी हे कोण सांगणार? वारूळ म्हणजे नागोबाचे घर, त्याला कुदळ लावायची नाही, एवढेच माहीत. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नाग वारुळात शिरतो हे खरे, पण तो तिथे बिनभाड्याचा राहतो. बांधणारी वाळवीच. आमच्या गल्लीत एका घरात भिंतीच्या कोपऱ्यात वारूळ फुटले तेव्हा त्या घरातल्या म्हातारीने ते काढू दिले नाही. हळदकुंकू वाहिले. दोन पावसाळ्यांत त्या घराचे तुळवट पोकळ झाले आणि धाबे खाली आले. नशीब, दुपारची वेळ होती आणि सगळे रानात गेले होते. भीतीमुळे माणूस डोळ्यांदेखत घर पोखरू देतो, हे मी तेव्हा पाहिले.

पण जुन्या माणसांकडे नुसती भीतीच होती असे नाही. माझी मोठी आत्या फार हुशार. ती पेटीखाली चार दगड ठेवी आणि दगडांभोवती राख पसरी. लाकडाच्या टोकांना बिब्ब्याचे तेल लावी. ते काम ती स्वतः करी, आम्हा पोरांना जवळ येऊ देत नसे, कारण बिब्बा अंगाला लागला की फोड येतात. कधी करंजीचे तेल लावी. लुगड्यांच्या घडीत आणि कागदांच्या पुडक्यात वाळ्याच्या मुळ्या घाली. ‘वाळा आसला की कसर लागत न्हाई,’ असे ती म्हणायची. मला तेव्हा वाटे, वास चांगला येतो म्हणून ठेवत असेल.

पुढे औषधांचा जमाना आला. मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा बांधकामावर पायात अल्ड्रिन ओतत असत. आमच्या वस्तीतले दोघेतिघे त्या कामावर जात. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडके नाही, बादलीत औषध कालवायचे आणि त्याच हाताने भाकरी खायची. त्या औषधाने वाळवी मरायची हे खरे, पण ते मातीत वर्षानुवर्षे राहते, माणसाच्या आणि जनावराच्या चरबीत साठत जाते, हे पुढे जगाला कळले. आपल्या देशात अल्ड्रिनवर १९९६ साली बंदी आली. २००१ साली स्टॉकहोम येथे जगातल्या देशांनी जो करार केला त्यात पहिल्या बारा घातक रसायनांच्या यादीत ते होते. ते औषध ज्यांनी उघड्या हातांनी कालवले त्यांना मात्र ते काय होते हे कोणी कधी सांगितले नाही. म्हणून झाडाच्या तेलाकडे माणसे वळतात याचे मला नवल वाटत नाही. भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो.

आता तेलांबद्दल शास्त्र काय म्हणते ते सांगते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात फॉर्मोसन नावाच्या वाळवीने फार नुकसान केले आहे. ती मूळची पूर्व आशियातली, तिकडे जाऊन पोचलेली. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली आठ तेले तपासली. त्यांत आपल्या ओळखीची बरीच होती. वाळा, लवंग, गवती चहा, दोन जातींच्या निलगिरी, देवदाराच्या जातीचे लाकूड. त्यांना असे दिसले की लवंगेच्या तेलाने वाळवी सर्वांत लवकर मरते, दोन दिवसांत सगळी. पण वाळवीला दूर ठेवण्यात सर्वांत जास्त दिवस टिकते ते वाळ्याचे तेल. किलोभर वाळूत २५ मिलिग्रॅमहून जास्त वाळ्याचे तेल असले तर वाळवी तिथे बोगदाच करीत नाही आणि पुढ्यातला कागदही खात नाही. २५ मिलिग्रॅम म्हणजे पुरता एक थेंबसुद्धा नव्हे! माझी खटावची आत्या शाळेत गेलेली नव्हती. तिने पुडक्यात वाळाच का घातला असेल, याचे उत्तर मला असे साता समुद्रापलीकडून मिळाले.

वाळ्याचेच तेल का टिकते? सुगंधी तेले ही उडून जाणारी असतात. उडतात म्हणून तर त्यांचा वास येतो. निलगिरीचे तेल लवकर उडते, गवती चहाचेही फार टिकत नाही. वाळ्याचे तेल जड, घट्ट. ते सावकाश उडते. म्हणजे वास जितका झपाट्याने नाकात शिरतो तितका तो झपाट्याने संपतो, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती तपासणी बंद भांड्यात, मोजलेल्या वाळूत, ठरावीक वाळव्यांवर झाली होती. आपल्या भिंतीत पाऊस मुरतो, मोरीचे पाणी झिरपते, ऊन लागते, आणि वारुळात लाखांनी वाळवी असते. भांड्यातला निकाल जसाच्या तसा भिंतीला लागू होत नाही.

याबाबत आमचे मामंजी मला फार पूर्वी एक शहाणपण सांगून गेले होते. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीच्या हंगामात ते हरिपूरच्या पेवांवर जात. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत. तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद, आत पोट मोठे. तोंड बंद करून माती लोटली की हळद वर्षानुवर्षे चांगली राही. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. काही तास उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर आत जीव घुसमटणार हे नक्की. २००५ च्या महापुरात पाणी शिरून तिथली कित्येक पेवे निकामी झाली.

मी एकदा मामंजींना म्हटले, “हळदीच्या वासानं किडं येत नसतील, न्हाई का मामंजी?” त्यांनी मान हलवली. म्हणाले, “पोरी, वासानं कीड पळत आसती तर पोत्यातल्या हळकुंडाला भोकं का पडली आसती? पेवात वारं न्हाई, म्हणून कीड न्हाई.” खरेच आहे. हळदीत कीड दूर ठेवणारे तेल असते हे शास्त्रज्ञांनीही दाखवलेले आहे. पण त्याच हळदीला गोदामात एक बारीक तांबूस किडा लागतो आणि हळकुंड पोखरतो. त्याला त्या वासाचे काही वाटत नाही. वास उपयोगी पडतो, परंतु राखण करते ती जागा. कोरडी जागा, बंद जागा, नजरेखालची जागा. मामंजी चार इयत्ताच शिकले होते, पण डोळे उघडे ठेवून काम करीत होते.

आता आमच्या घरची हकीकत सांगते. आमची खोली पाच खोल्यांच्या एका ओळीत आहे. मधल्या भिंती सामाईक, मागची मोरी सामाईक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या खोल्यांत कमरेएवढे पाणी कित्येक दिवस होते. पाणी ओसरले, गाळ काढला, पण भिंतींची ओल गेली नाही. मोरीला तडे गेले होते ते तसेच राहिले. ओल आणि लाकूड जिथे एकत्र येते तिथे वाळवीला आमंत्रण लागत नाही.

पहिल्यांदा ती शेजारच्या वहिनींच्या कपाटात निघाली. तेव्हा लॉकडाऊन होता, दुकाने बंद, औषध मारणारा माणूस मिळेना. वहिनींनी घरात होते ते वापरले. दातदुखीसाठी आणलेले लवंगेचे तेल आणि कापूर. कपाटाच्या मागच्या बाजूला तेल चोळले, फटीत कापूर भरला. आठवड्यात वाळवी दिसेनाशी झाली. त्यांना बरे वाटले, आम्हालाही बरे वाटले. दोन महिन्यांनी त्याच भिंतीच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे आमच्याकडे, मातीची नळी दिसली. ती सरळ मामंजींच्या लाकडी पेटीच्या तळात शिरली होती.

यात वहिनींचा काही दोष नव्हता. त्यांनी आपले घर वाचवले, कोणीही तेच केले असते. पण पेटी उघडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तळाची फळी भुशासारखी झाली होती. मामंजींचा हमालीचा पितळी बिल्ला तेवढा जसाच्या तसा होता. त्याखाली कागद. मामंजी खटाव तालुक्यातल्या आपल्या गावच्या लोकल बोर्डाच्या शाळेतून १९४६ साली चौथी होऊन बाहेर पडले होते. तो दाखला त्यांनी हयातभर जपला. त्याचा खालचा अर्धा भाग गेला होता. नाव राहिले होते, पण जातीचा रकाना आणि तारीख वाळवीने खाल्ली होती. नात बारावीत जायची होती. तिचे पुढचे सगळे त्या कागदावर होते.

माझा मुलगा गावच्या शाळेत गेला. तिथल्या गुरुजींनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी, कडा झिजलेल्या, पण अक्षर शाबूत. मामंजींचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, सगळे होते. त्यावरून उतारा मिळाला. नातीची पडताळणी झाली, आज ती नर्सिंगच्या शिक्षणात आहे. पण ते रजिस्टर कोणी लाकडी फडताळात ओल्या भिंतीला लावून ठेवले असते तर?

वाचकहो, साताऱ्याचे एक रजिस्टर आपल्या सर्वांना माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. शाळेने ते पान जपले. राज्य सरकारने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. आपण ते अभिमानाने सांगतो. पण शंभराहून जास्त पावसाळे त्या कागदाला ओल लागू न देणारे, वाळवीपासून सांभाळणारे जे कोणी शिपाई, कारकून, शिक्षक असतील त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. कागद आपोआप टिकत नाही. कोणीतरी तो टिकवतो.

नातीचे काम मार्गी लागत होते, पण वाळवी भिंतीत होतीच. मग मी आणि भाच्याने करून पाहायचे ठरवले. फळांच्या खोक्याच्या सहा पातळ फळ्या घेतल्या. एक कोरी ठेवली. बाकीच्यांना निलगिरी, गवती चहा, लवंग, वाळा यांची तेले आणि करंजीचे तेल लावले. मार्च महिन्यात मोरीमागच्या मातीत वीतवीत अंतरावर अर्ध्या पुरल्या आणि दर रविवारी पाहायचे ठरवले. कोरी फळी दुसऱ्या रविवारी खाल्लेली दिसली. निलगिरीची महिना होण्याआधीच, आणि गवती चहाची त्यानंतर थोड्याच दिवसांत. करंजीच्या फळीच्या कडा दीड महिन्याने कुरतडल्या गेल्या. लवंगेची दोन महिने टिकली. वाळ्याची पाऊस लागेपर्यंत शाबूत होती, जुलैअखेर तिचेही एक टोक गेले. ही काही प्रयोगशाळा नव्हे. दुसऱ्याच्या मातीत निकाल वेगळा येईल. पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. वाळ्याच्या फळीपाशी आलेली मातीची नळी तिला वळसा घालून पलीकडे गेली होती. वाळवी थांबली नव्हती, मागेही फिरली नव्हती. तिने फक्त वाट बदलली होती.

तेव्हा मला वहिनींच्या कपाटाचा आणि आमच्या पेटीचा अर्थ नीट कळला. वासाने वाळवी हाकलता येते. हाकललेली वाळवी मरत नाही. ती शेजारी जाते. राणी जमिनीत आहे, रोज हजारोंनी अंडी घालते आहे, आणि आपण भिंतीच्या एका बाजूला तेल चोळून समाधान मानतो. बंगल्यात राहणाऱ्यांच्या भिंतीला चारी बाजूंनी मोकळी जागा असते, त्यांची गोष्ट वेगळी. आपली भिंत एकट्याची नसते. पाच घरांनी पाच वेळा तेल लावले तर वाळवी पाच घरे फिरते आणि पैसे पाच घरांचे जातात.

मी ओळीतल्या बायकांना बोलावून त्या फळ्या दाखवल्या. कोणाला भाषण लागले नाही. फळ्या हातात घेतल्यावर सगळ्यांना कळले. पलीकडच्या अक्का म्हणाल्या, “मंजी ती आता माज्याकडं येणार!” आम्ही वर्गणी काढली. पुरुषांनी दोन रविवार घालून मोरी खणली, तडे बुजवले, पाण्याला नीट उतार दिला. खणताना मोरीमागे जुन्या शेवग्याचे पुरलेले खोड सापडले, त्यात वाळवी खचाखच भरली होती. ते उपटून जाळले. भिंतीला लावून रचलेली सर्पणाची लाकडे सगळ्यांनी हलवली. मग औषध मारणारा जाणकार माणूस बोलावला आणि पाचही खोल्यांच्या पायाला एकाच दिवशी औषध घातले. त्याला आम्ही सांगितले की हातात मोजे घातल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही. त्याने घातले. पोरांना दिवसभर विहारात नेऊन बसवले. त्यानंतर आजपर्यंत आमच्या ओळीत मातीची नळी दिसलेली नाही. दिसणारच नाही असे मी म्हणत नाही. म्हणून आम्ही पाहत असतो.

मग तेल लावूच नये काय? तसे नाही. तेल हा राखणदार आहे, वैद्य नाही. वाळवी लागलेली नसताना पेटीच्या तळाला, फळीच्या कडांना वाळ्याचे तेल लावावे. दहा मिलिलिटरच्या बाटलीला एका दिवसाच्या मजुरीएवढे पैसे पडतात, म्हणून आम्ही पाच घरांत मिळून एक आणतो. खोबरेल तेलात थोडे मिसळले तर लावायला पुरते. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. तेवढे परवडत नसेल तर वाळ्याच्या कोरड्या मुळ्या पुडक्यात घालाव्यात. मुळ्यांत तेल थोडे असते, म्हणून नुसत्या त्यांच्या भरवशावर राहू नये. तेल कागदाला मात्र लावू नये, डाग पडतो आणि शाई फुटते.

झाडाचे आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हा समजही काढून टाकावा. निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर त्याला झटके येऊ शकतात. अंगणवाडीत मी मातांना हे नेहमी सांगत असे. लवंगेच्या तेलाने कातडी भाजते. अशा बाटल्या पोरांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत आणि त्यावर नाव लिहावे.

बाकीचे उपाय बिनपैशाचे आहेत. पेटी, कपाट, पुस्तकांची फळी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. खाली दगड किंवा वीट घालावी. महत्त्वाचे कागद लाकडात न ठेवता पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत, आणि ट्रंकही जमिनीवर टेकू देऊ नये. पंधरा दिवसांतून एकदा ट्रंकेमागे, चौकटीच्या बुडाशी, तसबिरीच्या मागे पाहावे. मातीची बारीक रेघ दिसली की ती नुसती पुसून गप्प बसू नये, ती कुठून आली ते शोधावे. बहुतेक वेळा ती ओलीपाशी नेऊन पोचवते. प्रत्येक दाखल्याच्या दोन प्रती काढून एक प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आणि आजोबांच्या शाळेतला उतारा आजच काढून आणावा, गरज पडेल तेव्हा नव्हे.

शेवटी एवढेच सांगते. घरात मातीची नळी दिसली तर पहिल्यांदा तेलाची बाटली शोधू नका. भिंतीपलीकडच्या घराचे दार वाजवा. तुमच्याकडे आज निघाली आहे, त्यांच्याकडे उद्या निघेल, किंवा कालच निघून तुमच्याकडे आली असेल. भिंत सामाईक आहे, ओल सामाईक आहे, तर उपायही सामाईकच करावा लागेल.